'गेन कमी करा' म्हणण्याआधी : संयंत्र प्रमुखांना खुलं पत्र

रासायनिक संयंत्रांचे प्रमुख, तसंच उत्पादन आणि देखभाल विभागांचे वरिष्ठ यांस,

सप्रेम नमस्कार.

सकाळच्या उत्पादन बैठकीत मी बत्तीस वर्षं बसलो. उपकरण विभागाचा माणूस म्हणून, बहुतेक वेळा दाराजवळच्या खुर्चीत. तिथे एक वाक्य किती वेळा ऐकलं याची गणती नाही: "रात्री तापमान झुलत होतं, लूप मॅन्युअलवर टाकला, आता स्थिर आहे." (लूप म्हणजे मोजमाप, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची साखळी; मॅन्युअलवर म्हणजे कंट्रोलर बाजूला ठेवून व्हॉल्व्ह हातानं धरलेला.) कुणीतरी मान डोलवायचं, वहीत खूण व्हायची आणि चर्चा टनांच्या आकड्याकडे वळायची. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी तरुण सहकारी अजून ट्रेंडचे, म्हणजे पडद्यावरच्या आलेखांचे, फोटो पाठवून सल्ला विचारतात, आणि सोबत तेच वाक्य असतं. म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. रात्री दोन वाजता लूप मॅन्युअलवर टाकणारा पॅनलवरचा माणूस त्याच्या परीनं बरोबरच वागतो. सकाळी नऊ वाजता त्या वाक्यावर समाधान मानणारे तुम्ही असता.

'आता स्थिर आहे' याचा अर्थ एवढाच, की व्हॉल्व्ह ४३ टक्क्यांवर धरून ठेवलाय आणि गेल्या दोन तासांत दुसरं काही बदललेलं नाही. फीड (आत येणारा माल) बदलला, थंड पाणी दुपारी दोन अंशांनी तापलं, शेजारचा ऊर्ध्वपातनाचा कॉलम हलला, की ते तापमान कुणाची परवानगी न घेता निघून जाणार. तोवर पॅनलवरचा माणूसच कंट्रोलर झालेला असतो, आणि त्याच्यासमोर असे कितीतरी लूप असतात, वर फोन, परमिटं आणि नमुन्यांचे निकाल. २००२ साली डेसबरो आणि मिलर यांनी वेगवेगळ्या उद्योगांतल्या २६,००० कंट्रोलरांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातले ३६ टक्के प्रत्यक्षात उघडेच होते, म्हणजे फीडबॅकशिवाय चाललेले. उत्तम किंवा चालण्याजोगे म्हणता येतील असे ३२ टक्के. पैसे मोजून बसवलेल्या तीनांतला जेमतेम एक धड काम करत होता. हा आकडा वाचून माझ्या व्यवसायातलं कुणी दचकल्याचं आठवत नाही.

लूप का झुलतो? उशिरामुळे. कंट्रोलर चूक बघतो आणि दुरुस्ती पाठवतो. त्या दुरुस्तीचा परिणाम पाइपातून, जॅकेटमधून, धातूच्या भिंतीतून, थर्मोवेलच्या (तापमापक ठेवायच्या नळीच्या) पोकळीतून फिरून त्याच्यापर्यंत परत यायला वेळ लागतो. तेवढ्यात चूक उलट्या बाजूला गेलेली असली, तर मघाची दुरुस्ती आताच्या चुकीत भर घालते. ही भर दर फेरीला कमी पडत गेली तर हेलकावा विरतो, नेमकी पुरली तर चालूच राहतो, जास्त झाली तर वाढत जातो. वाफेच्या इंजिनांचे गव्हर्नर असेच झुलायचे. मॅक्सवेलनं १८६८ साली त्यांच्यावर निबंध लिहिला आणि बिघाडाच्या चार गती सांगितल्या: नुसता वाढणारा, नुसता विरणारा, वाढत्या हेलकाव्यांचा आणि विरत्या हेलकाव्यांचा. राऊथनं १८७७ मध्ये, हुर्विट्झनं १८९५ मध्ये आणि नायक्विस्टनं १९३२ मध्ये त्यामागचं गणित पक्कं केलं. मग १९४२ साली झिगलर आणि निकोल्स यांनी ते कारखान्यातल्या माणसाच्या हातात दिलं. रीसेट (साठत गेलेल्या चुकीवरची दुरुस्ती) बंद ठेवून गेन (चुकीच्या किती पट दुरुस्ती पाठवायची तो आकडा) वाढवत न्या, लूप एकसारखा झुलू लागला की थांबा, तो गेन लिहून घ्या आणि त्याच्या निम्म्यावर परत या. रीसेट वापरायचा असेल तर निम्म्याहून थोडं खाली.

या 'निम्म्यावर' शब्दाकडे जरा लक्ष द्या, कारण तुमच्या निर्णयांचा संबंध तिथे येतो. निम्मा गेन म्हणजे हाताशी दुपटीची राखीव जागा. कंट्रोलरला कुणी हात लावला नाही, पण प्रक्रियाच दुप्पट संवेदनशील झाली, तरी ती जागा संपते आणि लूप कड्यावर येतो. संयंत्रात काय काय दुप्पट होऊ शकतं, हे मात्र उपकरण विभागाला कुणी विचारत नाही.

एक उदाहरण तर तुमच्या रोजच्या भाषेतलं आहे. मागणी घटली, 'निम्म्या लोडवर चालवा' असा आदेश निघाला. वाफेवर तापणाऱ्या एक्स्चेंजरचं बघा. आतून जाणारा द्रव निम्मा झाला, म्हणजे तेवढ्याच जादा वाफेनं तो दुप्पट तापणार. शिवाय तो हळू वाहतो, त्यामुळे पुढे बसवलेल्या थर्मोकपलपर्यंत (तापमापकापर्यंत) पोहोचायला दुप्पट वेळ. संवेदनशीलता दुप्पट आणि उशीरही दुप्पट, दोन्ही एकाच आदेशानं. काल गुण्यागोविंदानं चाललेला लूप आज पेंगुळलेल्यासारखा डुलायला लागतो आणि बैठकीत प्रश्न येतो, "ट्यूनिंग (गेन-रीसेटचे आकडे) कुणी बदललं?" कुणीच नाही. लोड तुम्ही बदललात.

जुन्या लोकांनी यावर उपाय करून ठेवलेला असतो. व्हॉल्व्हचं ट्रिम (प्रवाह ठरवणारा आतला भाग) 'इक्वल परसेंटेज' जातीचं निवडतात. कमी उघडलेला असताना तो एका टक्क्याला थोडाच प्रवाह देतो, जास्त उघडल्यावर जास्त, आणि प्रक्रियेची वाढलेली संवेदनशीलता व्हॉल्व्ह परस्पर खाऊन टाकतो. एका शटडाउनमध्ये मी असा व्हॉल्व्ह लिनियर ट्रिम घालून परत बसवलेला पाहिला, कारण भांडारात तेच शिल्लक होतं. आकार तोच, फ्लँज तोच, कागदोपत्री सगळं जुळत होतं. पूर्ण लोडवर लूप ठीक चालायचा, लोड उतरला की नाचायचा. कारण सापडायला अकरा महिने गेले.

दुप्पट हा तसा सौम्य आकडा म्हणायचा. तीव्र आम्ल कॉस्टिकनं उदासीन करणाऱ्या टाकीकडे वळा. पीएच ३ वरून ४ वर आणायला जेवढं कॉस्टिक लागतं, त्याच्या दहाव्या भागात तो ४ वरून ५ वर जातो, आणि त्याच्याही दहाव्या भागात ५ वरून ६ वर. म्हणजे ३ च्या आसपास सुस्त वाटणारी टाकी ७ च्या आसपास हजारो पटींनी चपळ होते. तिथे एकच गेन ठेवून लूप शांत राहील अशी अपेक्षा करणं म्हणजे चिमटीत मीठ धरायला फावडं देण्यासारखं. टाक्या दोन-तीन टप्प्यांत कराव्या लागतात, शेवटच्या टप्प्याला छोटा व्हॉल्व्ह लागतो, ढवळणी जोरदार लागते. हे खर्चाचे निर्णय आहेत. ते ट्यूनिंगवर ढकलले की पॅनलवरचा माणूस आयुष्यभर त्या टाकीशी कुस्ती खेळत बसतो.

आता व्हॉल्व्ह. झुलणाऱ्या लूपमागे मला ट्यूनिंगपेक्षा व्हॉल्व्हच जास्त वेळा सापडला. ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या सीलमधून) गळती दिसते, फिटर पॅकिंग आवळतो, गळती थांबते, तक्रार बंद होते. पण आता स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) पॅकिंगमध्ये चिकटतो. कंट्रोलर अर्धा टक्का मागतो, स्टेम ढिम्म. रीसेटचं काम साठवण्याचं, तो साठवत राहतो: पाऊण टक्का, एक, दीड. मग स्टेम एकदम सुटतो आणि हवं होतं त्याच्या पुढे उडी मारून बसतो. आता तोच खेळ उलट दिशेनं. फ्लोच्या लूपमध्ये हे ट्रेंडवर ओळखता येतं: आउटपुट करवतीच्या दात्यांसारखं आणि फ्लो चौकोनी पायऱ्यांचा. एकदा डोळ्यांत बसलं की विसरत नाही.

इथे 'गेन कमी करा' हा सल्ला काय करतो ते सांगतो. चिकटणाऱ्या व्हॉल्व्हचा हेलकावा गेन कमी केल्यानं मरत नाही, फक्त लांबतो. चार मिनिटांचा होता तो नऊ मिनिटांचा होतो. पडद्यावर तासाभराचा ट्रेंड लावलेला असेल तर आता शिखरं कमी दिसतात आणि सगळ्यांना बरं वाटतं. रिफ्लक्सचा (कॉलममध्ये परत सोडलेल्या द्रवाचा) एक लूप सात महिने असाच झुलत होता. त्याचं ट्यूनिंग एकवीस वेळा बदललं गेलं होतं, डीसीएसमध्ये (संयंत्राच्या संगणकीय नियंत्रण प्रणालीत) प्रत्येक बदलाची नोंद होती. व्हॉल्व्ह एकदाही काढलेला नव्हता, कारण त्याला बायपास नव्हता आणि कॉलम थांबवायला परवानगी मिळत नव्हती. शेवटी भलत्याच कारणानं संयंत्र ट्रिप झालं. त्या मोकळ्या वेळात पॅकिंग बदललं, पोझिशनरची (व्हॉल्व्ह सांगितल्या जागी नेणाऱ्या उपकरणाची) ढिली लिंक घट्ट केली, सगळं मिळून दोन तास. मग एकविसावं ट्यूनिंग पुसून पहिल्या दिवसाचं परत घातलं आणि लूप सुतासारखा सरळ आला.

मॅन्युअलवर टाकणं मला नामंजूर आहे असा समज नको. तपासणीसाठी त्याच्यासारखं साधन नाही. प्रक्रिया सोसत असेल तर पंधरा मिनिटं लूप मॅन्युअलवर ठेवा. हेलकावा थांबला तर दुखणं याच लूपमध्ये आहे. चालूच राहिला तर तो दुसरीकडून येतोय आणि इथे ट्यूनिंगला हात लावणं व्यर्थ. थांबला असेल तर आउटपुट अर्ध्या-अर्ध्या टक्क्यानं हलवा आणि फ्लो किती पावलांनंतर हलतो ते मोजा. कागदाच्या एका तुकड्यावर उत्तर मिळतं. फुकट.

आता पातळीच्या लूपबद्दल, कारण तिथे अनुभवी माणसंही हमखास फसतात. टाकीचा स्वभाव साठवण्याचा, रीसेटचाही साठवण्याचा. असे दोन साठवणारे एकमेकांच्या मागे लागले की हेलकावा येतो तो हळू, लांबलचक, अर्ध्या-पाऊण तासाचा. बघणाऱ्याला वाटतं लूप आक्रमक झालाय, गेन उतरवा. आणि गेन उतरवला की हेलकावा वाढतो! गणित छोटंसं आहे. कंट्रोलरचा गेन, टाकी भरण्याचा वेग आणि रीसेटचा वेळ यांचा गुणाकार ४ च्या खाली गेला की पातळी सेटपॉइंट (ठरवलेला आकडा) ओलांडून पुढे-मागे झुलू लागते, आणि जितका खाली जाईल तितकी जास्त झुलते. गेन कमी करून तुम्ही तोच गुणाकार आणखी खाली ढकलता. कागदावर हे हेलकावे उशिरा का होईना विरतात. त्यात व्हॉल्व्हची ढिलाई मिसळली की विरायचंही थांबतात. उपाय उलटा आहे: रीसेटचा वेळ वाढवा, पाहिजे तर गेनही वाढवा. हे मी एका बैठकीत बोललो तेव्हा एक वरिष्ठ हसले होते. त्यांचा मी राग धरलेला नाही. झुलणाऱ्या लूपचा गेन वाढवा असं कुणी म्हटलं तर पहिल्यांदा मीही हसलो असतो.

पातळी झुलली तर उत्पादन वाया जातं, पुढचा कॉलम हलतो, पंप कुरकुरतो. उष्णता सोडणारा रिॲक्टर झुलला तर प्रकरण वेगळं, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच मी लिहायला बसलो.

अशा रिॲक्टरमध्ये तापमान वाढलं की अभिक्रिया वेगानं होते, जादा उष्णता निघते, तापमान आणखी वाढतं. व्हॅन हीर्डननं १९५३ साली याचं चित्र मांडलं. निर्माण होणाऱ्या उष्णतेची रेघ एस आकाराची वळते, बाहेर काढता येणाऱ्या उष्णतेची रेघ जवळजवळ सरळ जाते, आणि दोन्ही कधीकधी तीन ठिकाणी छेदतात. खालच्या बिंदूवर अभिक्रिया विझल्यातच जमा. वरच्या बिंदूवर ती जोरात असते, पण माल किंवा उत्प्रेरक जळण्याची भीती. आपल्याला हवा असतो बऱ्याचदा मधला, आणि नेमका तोच अस्थिर. तिथून तापमान केसभर वर गेलं तर वरच पळतं, खाली गेलं तर विझत जातं. ॲरिस आणि अमंडसन यांनी १९५८ मध्ये दाखवून दिलं, की योग्य कंट्रोलर लावून तो मधला बिंदूही धरून ठेवता येतो. अट एक. गेन पुरेसा हवा.

म्हणजे या लूपच्या गेनला छत आहे तशी जमीनही आहे. छताच्या वर गेलात तर उशिरामुळे झुलणार, जमिनीच्या खाली गेलात तर रिॲक्टर हातातून निसटणार. बाकी लूपांना 'गेन कमी' म्हणजे निदान सुरक्षित तरी असतं, अशी सवय लागलेला माणूस इथेही तेच करतो आणि दरीच्या बाजूला पाऊल टाकतो. इथे मॅन्युअलवर टाकणं म्हणजे तर धरलेला हातच सोडणं. रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये पाण्यातल्या क्षारांचा थर चढला, रिॲक्टरच्या आतल्या भिंतीवर पॉलिमरचा पापुद्रा बसला, की उष्णता काढण्याची रेघ आडवी होत जाते आणि जमीन वर सरकते. हे महिन्यांच्या गतीनं होतं. ट्रेंडवर दिसत नाही.

आणखी एक गोष्ट ट्रेंडवर असते पण कुणी बघत नाही: थंड पाण्याच्या व्हॉल्व्हचा आकडा. तो १०० टक्क्यांवर गेला की कंट्रोलर उरत नाही. पडद्यावर 'ऑटो' दिसतं, हिरवा दिवा असतो, पण दुरुस्तीला जागाच संपलेली असते. त्या क्षणी रिॲक्टर स्वतःच्या स्वभावावर सोडलेला असतो. शिवाय रीसेट तिकडे साठतच राहतो. तापमान वळून खाली येऊ लागलं तरी व्हॉल्व्ह उघडाच राहतो, तापमान फाजील खाली जातं, अभिक्रिया मंदावते, न संपलेला कच्चा माल आत साचतो आणि पुढचा उसळा पहिल्यापेक्षा मोठा येतो. रीसेटला लगाम घालण्याची सोय आजच्या बहुतेक प्रणालींत असते. कॅस्केडमध्ये (एक लूप दुसऱ्या लूपला हुकूम देतो तिथे) मात्र बाहेरच्या लूपला आतला व्हॉल्व्ह टोकाला गेल्याचं कळवलेलं आहे की नाही, हे मुद्दाम तपासावं लागतं. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा कळवलेलं नव्हतं.

अमेरिकेत जॅक्सनव्हिल इथे १९ डिसेंबर २००७ रोजी टी-टू लॅबोरेटरीजचा रिॲक्टर फुटला. ४ जण गेले, ३२ जखमी झाले. चौकशीत पुढे आलं ते असं. शीतकरण एकाच पाणीपुरवठ्यावर होतं, पर्यायी व्यवस्था नव्हती. बेचाळिसाव्या बॅचपासून बॅचचा आकार सुमारे एक तृतीयांशानं वाढवलेला होता, फुटली ती १७५ वी. सुमारे १९९ अंश सेल्सिअसच्या वर सोडियम आणि द्रावक यांची एक दुसरीच उष्ण अभिक्रिया सुरू होत होती आणि तिची दखल घेतलेली नव्हती. शीतकरणाची अडचण कळवल्यापासून स्फोटापर्यंत सुमारे दहा मिनिटं मिळाली. शंभरावर मोठ्या बॅच नीट गेल्या, म्हणून प्रक्रिया स्थिर आहे असं सगळे धरून चालले. बॅच मोठी झाली की उष्णता घनफळाच्या हिशेबानं वाढते आणि भिंत क्षेत्रफळाच्या, हे आपण सगळे शिकलेलो आहोत. तरी बॅच वाढवण्याच्या कागदावर कंट्रोल सांभाळणाऱ्या माणसाची सही क्वचितच असते.

काही वेळा एकाही लूपमध्ये दोष नसतो आणि संयंत्र तरी झुलतं. रिॲक्टरमधून निघालेल्या गरम वायूनं येणारा थंड वायू तापवायचा, ही बचत अमोनिया संयंत्रात सर्रास असते. पण त्यानं उष्णता फिरून परत रिॲक्टरच्या तोंडाशी येते. जर्मनीत १९८९ साली एका अमोनिया संयंत्रात दाब अचानक घसरला आणि रिॲक्टरचं तापमान झुलू लागलं. दाब कमी झाल्यावर ते वर्तुळ स्वतःचं स्वतःला सावरू शकेना, असं पुढच्या विश्लेषणात निघालं. ऊर्जाबचतीचा प्रकल्प मंजूर करताना तुम्ही वाचलेल्या टनांचा हिशेब बघता. कुणालातरी त्यानं गिळलेल्या स्थिरतेचा हिशेबही करायला सांगा. पुनर्चक्रणाचे प्रवाह, शिल्लक साठ्याच्या छोट्या केलेल्या टाक्या, हे सगळं त्याच खात्यात जातं.

पडद्यावरच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, याचं उदाहरण ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ ला घडलं. वीज पडून आग लागली, संयंत्र हललं, आणि त्या हलण्यात एक नियंत्रण व्हॉल्व्ह बंद राहिला. पडद्यावर तो उघडा दिसत होता. बाहेर जायची वाट बंद असलेल्या पात्रात द्रव भरत राहिला, शेवटी तो फ्लेअरच्या (जादा वायू जाळणाऱ्या मशालीच्या) ड्रमपर्यंत पोहोचला आणि तिथल्या पाइपाचं वळण फाटलं. २६ जण जखमी झाले. स्फोटाआधीच्या जवळपास अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. दर अडीच सेकंदांना एक! झुलणाऱ्या लूपांनी भरलेल्या संयंत्रात अलार्मची हीच सवय रोज थोडी थोडी लागत असते. तापमान दर सहा मिनिटांनी मर्यादा ओलांडतं, माणूस दर सहा मिनिटांनी बटण दाबतो. वर्षभरानं तो न वाचता दाबायला लागतो.

मागणी मोठी नाही, आणि नवं सॉफ्टवेअर विकत घ्या असं तर मुळीच म्हणणार नाही. आपोआप ट्यूनिंग करणारी रिलेची पद्धत ओस्ट्रॉम आणि हेग्लुंड यांनी १९८४ मध्ये मांडली. उत्तम आहे, मी स्वतः भरपूर वापरली. पण चिकटलेल्या व्हॉल्व्हवर तिला सोडलं तर ती चिकटपणाचंच माप घेऊन येते आणि ते प्रक्रियेचं म्हणून सांगते. आधी व्हॉल्व्ह.

सकाळच्या बैठकीत टनांच्या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा मागा: किती लूप मॅन्युअलवर आहेत आणि कधीपासून. महिन्याहून जुना जो असेल त्याच्यापुढे कारण लिहायला लावा. 'झुलतो' हे कारण म्हणून चालणार नाही, ते लक्षण झालं. शटडाउनमध्ये कुठले व्हॉल्व्ह उघडायचे ही यादी वयावरून किंवा मागच्या वेळच्या यादीवरून बनते. ती ट्रेंडवरून बनवा आणि त्या कामाला दुरुस्तीच्या वेळापत्रकात खरेखुरे तास द्या, उरलासुरला वेळ नको. भांडारातून दुसरं ट्रिम निघालं, लोड कायमचा बदलला, बॅच वाढली, उत्प्रेरक बदलला, तर लूप पुन्हा तपासल्याची सही घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि उष्णता सोडणाऱ्या प्रत्येक रिॲक्टरचा एक साधा आलेख लावून ठेवा: दर बॅचला थंड पाण्याचा व्हॉल्व्ह जास्तीत जास्त किती उघडला. तो आकडा ६०, ६५, ७२ असा चढत असेल, तर जॅकेट काय म्हणतंय ते तुम्हाला तापमानाच्या ट्रेंडपेक्षा कितीतरी आधी कळेल. ८५ वर असताना कुणी बॅच वाढवायचा प्रस्ताव आणला, तर तो आलेख समोर ठेवा.

उद्या सकाळी "आता स्थिर आहे" असं कुणी म्हणेल, तेव्हा एवढंच विचारा, की व्हॉल्व्ह किती टक्क्यांवर आहे आणि परत ऑटोवर कधी घेणार.

आपला,
उपकरण विभागातला एक निवृत्त माणूस

ता. क. झुलणाऱ्या ट्रेंडबद्दल एवढं लिहिलं, पण फार सरळ ट्रेंडवरही नजर असू द्या. एका रिॲक्टरचं थर्मोकपल बदलताना आखूड मिळालं आणि थर्मोवेलच्या तळाला टेकलंच नाही. मधल्या हवेच्या फटीमुळे त्याला पाच मिनिटांचा आळस आला. आत चार मिनिटांच्या फेऱ्यांनी तापमान आठ अंश खालीवर होत होतं, पडद्यावर जेमतेम एक अंश दिसायचं. मालाची प्रत का बिघडते म्हणून प्रयोगशाळेला तीन महिने बोल लावले जात होते, आणि त्याच बैठकीत त्या रिॲक्टरचा ट्रेंड बाकीच्यांना कौतुकानं दाखवला जायचा.